भारतातली स्टुडिओ पॉटरी : वाद कुठवर आला

हाताने घडवलेला कप विकत घेताना जाणकार माणूस आधी तो उपडा करून पाहतो. बुडाशी ग्लेझ न लावलेली एक कडी असते. तिथे मूळ माती दिसते, बोट फिरवलं की तिचा पोत कळतो. कडीच्या आत कोरताना उमटलेल्या गोल रेघा असतात आणि कुठेतरी घडवणाऱ्याचा बारीक शिक्का. ग्लेझ कडीच्या जरा वर येऊन जाडसर थांबलेलं असेल, तर ते किती ओघळेल याचा अंदाज करणाऱ्याला होता असं समजायचं. कारखान्यातल्या कपाच्या बुडाला कंपनीचं नाव छापलेलं असतं, बाकी काही नाही. माती मळण्यापासून भाजण्यापर्यंतचं काम एका माणसाने किंवा त्याच्या नजरेखालच्या चार-दोन जणांनी करायचं आणि ते त्याच्या नावावर ओळखलं जायचं, ही स्टुडिओ पॉटरीची चालू व्याख्या.

व्याख्या सोपी आहे, पण लगेच अडते. माती आणण्यापासून आवा रचण्यापर्यंत सगळं गावचा कुंभारही घरच्याच माणसांच्या बळावर करतो. त्याला कुणी स्टुडिओ पॉटर म्हणत नाही. मग वेगळं काय? सही, शिक्षण, गिऱ्हाईक, की भट्टीचं तापमान? या क्षेत्रातले बहुतेक वाद फिरून फिरून इथेच येतात, म्हणून आढावा घेताना हा प्रश्न हाताशी ठेवलेला बरा.

मुंबई, दिल्ली, सेवाग्राम

भारतातली ही कथा सहसा दिल्लीपासून सांगतात, पण तिचं एक आधीचं प्रकरण मुंबईत घडलं. १८७० च्या दशकात सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी यांनी ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’ उभी केली. सिंधी कुंभारकामातली चकचकीत झिलई, अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेल्या आकृत्या आणि युरोपी दिवाणखान्यात शोभतील असे फुलदाण्यांचे घाट, असा तो मेळ होता. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात यातली भांडी पाहायला मिळतात. ही स्टुडिओ पॉटरी नव्हे. घडवणारा एक, रंगवणारा दुसरा, आणि नाव राहिलं ते टेरींचं. तरी पुढच्या वादातले दोन मुद्दे, परंपरेतून काय उचलायचं आणि श्रेय कुणाच्या नावे लावायचं, तेव्हाच पुढे आले होते.

दुसरं प्रकरण सरदार गुरचरण सिंग यांचं. दिल्लीच्या एका वीट कारखानदाराने त्यांना १९१९ मध्ये जपानला तंत्रशिक्षणासाठी पाठवलं. तिथे त्यांची गाठ बर्नार्ड लीच, शोजी हमादा, केनकिची तोमिमोतो आणि सोएत्सु यानागी यांच्याशी पडली. यंत्राच्या मालाला हाताने घडवलेलं, रोजच्या वापरातलं भांडं हे उत्तर होऊ शकतं, असा विचार ही मंडळी तेव्हा मांडत होती. लीच आणि हमादा १९२० मध्ये इंग्लंडला सेंट आइव्हजला गेले आणि तिथली लीच पॉटरी पुढे जगभरच्या स्टुडिओंचा नमुना ठरली. गुरचरण सिंग मायदेशी परतले, पण त्यांची ‘दिल्ली ब्लू’ उभी राहिली ती १९५२ मध्ये. विचार डोक्यात शिरल्यापासून चूल पेटेपर्यंत तीसेक वर्षं गेली. मधला काळ त्यांनी विटा, कौलं आणि नोकरी यांत काढला. पुढे सेंट आइव्हजला काम केलेले त्यांचे चिरंजीव मनसिमरन सिंग यांनी १९८३ मध्ये कांगड्यात अंद्रेट्टा पॉटरी काढली.

तिसरा धागा वर्ध्याचा, आणि आपल्याकडे तो सगळ्यात कमी सांगितला जातो. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेले देवी प्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला गांधीजींच्या नयी तालीमच्या शाळेत कलाशिक्षक म्हणून आले आणि जवळजवळ दोन दशकं राहिले. ते तिथेच कुंभारकामाकडे वळले. त्यांच्या लेखी चाक हे मुलाच्या शिक्षणाचं साधन होतं, आणि भांडं चांगलं झालं की नाही हा प्रश्न ते घडवणाऱ्या माणसापासून सुटा करता येत नव्हता. कलाइतिहासकार नमन आहूजा यांनी २०१० च्या सुमारास प्रदर्शन आणि पुस्तकातून त्यांचं काम पुन्हा समोर आणलं, तेव्हा कुठे ‘दिल्ली-जपान’ या कथेला ‘वर्धा-शांतिनिकेतन’ ही दुसरी बाजू जोडली गेली. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभा केलेला ग्रामोदय संघही याच गांधीवादी वाटेवरचा.

याच पिढीतल्या निर्मला पटवर्धन यांचं नाव मराठी वाचकाला ठाऊक असायला हवं. शांतिनिकेतन, जर्मनी आणि इंग्लंड इथे शिकून आलेल्या निर्मलाबाई ग्लेझच्या अभ्यासक होत्या. १९८० च्या दशकात निघालेलं त्यांचं ‘अ हँडबुक फॉर पॉटर्स’ अनेक स्टुडिओंत वापरलं गेलं. ग्लेझची कृती जपून ठेवायची, धाकट्यालाही पूर्ण सांगायची नाही, ही या धंद्यातली जुनी सवय. त्यांनी मात्र मापं छापून मोकळी केली.

पुदुच्चेरीचं वळण

आज भारतात नावाजलेल्या स्टुडिओ पॉटरांची गुरुपरंपरा शोधायला गेलं, तर निम्म्याहून अधिक वाटा पुदुच्चेरीला पोचतात असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. १९७१ मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या अमेरिकन जोडीने तिथे ‘गोल्डन ब्रिज पॉटरी’ सुरू केली. डेबोराबाई जपानच्या बिझेन परंपरेत शिकलेल्या, रे यांचा पिंड वास्तुशिल्पाकडे झुकणारा. बाई ताटं-वाट्या-किटल्यांचं उत्पादन सांभाळत. रे विद्यार्थी घडवत आणि मोठ्या शिल्पांवर काम करत. कच्च्या विटांचं अख्खं घर उभारून ते जागीच भाजून पक्कं करण्याचे त्यांचे प्रयोगही गाजले. आदिल रायटर, विनीत कक्कर, माधवी सुब्रह्मण्यन, आरती वीर अशी त्यांच्या हाताखालून गेलेल्यांची नावं सांगता येतात.

या कार्यशाळेचा दुसरा परिणाम कमी लिहिला गेला. तिथे कामाला लागलेली आसपासच्या गावांतली तमिळ मुलं चाकावर तयार झाली आणि त्यांतल्या काहींनी पुढे स्वतःच्या भट्ट्या घातल्या. ‘पाँडिचेरी पॉटरी’ म्हणून आज ठिकठिकाणी जो माल दिसतो, त्यात मूळ कार्यशाळेचे घाट आणि रंग सर्रास ओळखू येतात. कुणी याला नक्कल म्हणतं, कुणी नव्या परंपरेची सुरुवात. कुठल्याही गावची कुंभारी परंपरा अशाच ‘नकले’तून उभी राहिलेली असते, तेव्हा मला दुसरी बाजू अधिक पटते.

तापमानाचा मुद्दा इथेच सांगायला हवा, कारण त्याशिवाय पुढचा वाद नीट कळत नाही. स्टोनवेअर साधारण १२०० ते १२८० अंश सेल्सिअसला भाजतात. तेवढ्या आचेत माती आवळून दगडासारखी होते आणि पाणी शोषत नाही. आपल्या नदीकाठची लाल माती बहुधा एवढी आच सोसत नाही, ती फुगते, बसते, शेवटी वितळते. म्हणून स्टुडिओत चिनी माती, बॉल क्ले, फेल्डस्पार, क्वार्ट्झ असं मिश्रण लागतं. ते पोत्यातून येतं, तळ्यातून नाही. भट्टीला गॅस, वीज किंवा भरपूर लाकूड लागतं. म्हणजे कुंभार आणि स्टुडिओ यांच्यातली दरी नुसती प्रतिष्ठेची नाही. मातीच वेगळी, भांडवलही वेगळं.

उपयोग की कला

सर्वांत जुना आणि आता बराचसा थकलेला वाद हा. इंग्रजी लेखनात त्याच्या तीन ठळक भूमिका दिसतात. हॉवर्ड रिसाटी यांनी २००७ मध्ये मांडलं की हस्तकलेची स्वतंत्र इभ्रत उपयोगातच आहे. भांडं ‘धारण करतं’, त्यासाठी त्याने शिल्प होण्याची गरज नाही. त्याच वर्षी ग्लेन अॅडमसन यांनी वेगळा पवित्रा घेतला. हस्तकला ही वस्तूंची जात नसून काम करण्याची रीत आहे आणि आधुनिक कलेच्या पोटातही ती आहेच, असं त्यांचं म्हणणं. गार्थ क्लार्क यांनी २००८ च्या व्याख्यानात थेट निदान केलं : ललित कलेच्या हेव्यानेच हस्तकला चळवळीचा घात केला.

भारतात या तिन्ही भूमिकांना धरून चालणारी माणसं सापडतात, पण भांडण तितकं टोकाचं झालं नाही. एकतर आपल्याकडे चित्रकार-शिल्पकार उलट्या बाजूने मातीकडे आले. के. जी. सुब्रह्मण्यन यांनी बांगलादेश युद्धाच्या काळात टेराकोटाची उठावशिल्पं केली, हिम्मत शाह यांची मातीची मुखं प्रसिद्ध आहेत. दुसरं, बडोद्याच्या ज्योत्स्ना भट्ट यांच्यासारखी माणसं दोन्हीकडे सहज वावरली. त्यांची झाकणाची भांडी आणि त्यांची मांजरं एकाच भट्टीतून निघत आणि कुठलं श्रेष्ठ हे त्या सांगत बसल्या नाहीत. तिसरं कारण साधं आहे. मग आणि वाट्या विकून शिल्पाच्या भट्टीचा खर्च काढावा लागतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं.

तरीही कल कुठे आहे ते लपत नाही. २०१८ मध्ये जयपूरच्या जवाहर कला केंद्रात भारताचं पहिलं सिरॅमिक्स त्रैवार्षिक प्रदर्शन भरलं आणि त्याची पुढची आवृत्ती २०२४ मध्ये दिल्लीत झाली. दोन्हीकडे भर मांडणशिल्पांवर होता. साधी उत्तम किटली करणाऱ्याला अशा ठिकाणी जागा कुठे, असं काही पॉटर विचारतात. त्यावर आयोजनाच्या बाजूचं उत्तर असं असतं की किटलीला बाजार आहे, प्रयोगाला नाही, म्हणून मंच प्रयोगाला द्यावा. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे आणि तिढा तसाच आहे.

लीच यांचं ऋण आणि त्याचा हिशेब

लीच यांचं ‘अ पॉटर्स बुक’ १९४० मध्ये आलं आणि कित्येक पिढ्यांनी ते पोथीसारखं वाचलं. यानागी यांची निनावी कारागिराची कल्पना त्यातूनच पसरली : सही न करणारा, अहंकार नसलेला, परंपरेच्या प्रवाहात राहून सुंदर वस्तू करणारा माणूस. या कल्पनेच्या पोटात एक गंमत आहेच. हमादा भांड्यांवर सही करत नसत, पण १९५५ मध्ये जपान सरकारने त्यांना राष्ट्रीय ठेवा म्हणून गौरवलं आणि त्यांची बिनसहीची भांडी त्यांच्या नावाच्या किमतीला विकली गेली.

नंतरच्या अभ्यासकांनी ही पोथी तपासली. स्वतः पॉटर असलेले एडमंड डी वाल यांनी १९९० च्या दशकात लीच यांच्या ‘पूर्वे’विषयीच्या कल्पना किती निवडक होत्या ते दाखवलं. युको किकुची यांनी २००४ च्या पुस्तकात यानागींच्या विचाराला युरोपी कल्पनांचं आणि जपानी साम्राज्याच्या काळाचं किती अस्तर आहे ते उलगडलं. भारतीय वाचकाला यातून सुचणारा प्रश्न उघड आहे. सभोवती हजारो कुंभार असताना आपण चहाच्या पेल्याचा घाट जपानकडून, तोही इंग्लंडमार्गे, का घेतला? तेनमोकूचा काळपट तपकिरी आणि सेलाडॉनचा फिका हिरवा हेच चांगल्या अभिरुचीचे रंग कसे ठरले?

बचाव करणारे म्हणतात की कुंभारकामात उसनवारी हाच नियम आहे. चिनी ग्लेझ कोरियात गेलं, तिथून जपानला. जयपूरची निळी पॉटरीही पश्चिमेकडून आलेल्या तंत्राची आहे आणि तिच्यात तर मातीऐवजी क्वार्ट्झचा लगदा वापरतात. शिवाय अलीकडची पिढी स्टोनवेअरलाच चिकटून नाही. धुरात काळी केलेली भांडी, कमी आचेचा टेराकोटा, विटांचा चुरा मिसळलेली माती यांच्याकडे ती वळते आहे. मणिपूरच्या थोंगजाओ गावच्या नीलमणी देवी चाक न वापरता हाताने भांडी घडवतात. त्यांना २००७ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा ‘भारतीय पॉटरी’ म्हणजे काय याचा आवाका थोडा रुंदावला.

कुंभारवाडा आणि स्टुडिओ

माझ्या मते क्षेत्रातला जिवंत प्रश्न हा आहे. कुंभार चाकावर माठाचं तोंड आणि जाड भिंतीचं धड उतरवतो, दोऱ्याने कापून घेतो आणि अर्धवट सुकल्यावर आतून दगडी किंवा भाजक्या मातीचा गोळा धरून बाहेरून थापटण्याने ठोकत जातो. भिंत पातळ होते, पोट फुगतं, बूड गोल होतं. या कामात माती वाया जात नाही. स्टुडिओ पॉटर भांडं सपाट बुडाने उतरवतो आणि नंतर बुडाची जादा माती कोरून काढून कडी तयार करतो. एक वाढवून आकार देतो, दुसरा कमी करून. मोठा माठ एकसारख्या जाडीचा ठोकणं हे कौशल्य पदवी घेऊन आलेल्या भल्याभल्यांना साधत नाही, आणि ते स्वतःच हे कबूल करतात. पण माठाची किंमत शेकड्यात आणि सहीच्या वाडग्याची हजारांत, ही बाजारातली स्थिती आहे.

त्याला जातीचा आणि लिंगाचा पदर आहे. बारा बलुतेदारांतल्या कुंभाराला सुगडं, पणत्या, घट यांसाठी धान्य मिळायचं. काम जन्माने येई, सोडायची मुभा नव्हती. स्टुडिओतला माणूस हे काम निवडून येतो, बहुधा सुस्थित घरातून. देशातल्या बहुतेक कुंभार घरांत बायका माती तयार करतात, थापटतात, रंगवतात, पण चाकाला हात लावत नाहीत. मणिपूरमधल्या आंद्रोसारखे अपवाद आहेत, तिथे काम बायकांचंच आहे आणि चाक नाही. शहरी स्टुडिओंत मात्र चाकावर बसलेल्यांत बायका ठळकपणे दिसतात. एका बाजूने पाहिलं तर स्टुडिओने चाक बायकांना खुलं केलं. पण ते कुंभारणीला खुलं झालं का, हा प्रश्न उरतो.

यावर तीन प्रकारची मतं ऐकू येतात. पहिलं असं, की ही दोन वेगळी क्षेत्रं आहेत. माठ घेणारा आणि वाडगा घेणारा एकमेकांचं गिऱ्हाईक पळवत नाही. माठाला मारलं ते फ्रिजने आणि प्लास्टिकने. दुसरं म्हणणं, की जातीने हलकं ठरवलेलं काम वरच्या वर्गाने हाती घेताच त्याला कलेची किंमत आली, आणि हे स्पष्ट बोललं पाहिजे. तिसरं सहकार्याचं, म्हणजे कुंभाराला उच्च तापमानाचं तंत्र, नवे घाट, शहरी बाजार द्यावा. भद्रावतीचा प्रयोग या जातीचा. खादी ग्रामोद्योग आयोगाने २०१८ पासून विजेची चाकं वाटली, तो हेतूही जवळपास हाच. टीकाकार म्हणतात की चाक वेगाने फिरल्याने माल वाढतो, मागणी वाढत नाही, आणि संयुक्त कामात डिझायनरचं नाव फलकावर येतं, कुंभाराचं नाही.

सीमा ओलांडणारी माणसं थोडी आहेत. बिहारच्या कुंभार कुटुंबात जन्मलेले ब्रह्मदेव राम पंडित यांनी भाईंदरला स्टुडिओ उभा केला, स्टोनवेअरमध्ये नाव कमावलं आणि २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यासारखी उदाहरणं दाखवून वाट खुली आहे असं म्हणता येतं, आणि अशी उदाहरणं इतकी मोजकी का, असंही विचारता येतं. धारावीच्या कुंभारवाड्यात मूळ सौराष्ट्रातल्या कुटुंबांच्या भट्ट्या अजून पेटतात. चिंध्या आणि कापसाचा कचरा जाळल्याने होणाऱ्या धुराची तक्रार आहे, पुनर्विकासाची टांगती तलवार आहे. गॅसभट्टी धूर कमी करेल, पण पणतीच्या किमतीत गॅस परवडेल का, याचा हिशेब कुणी मांडून दाखवलेला नाही.

हौशी हात

गेल्या दहा-पंधरा वर्षांत मुंबई, पुणे, बंगळूरमध्ये शनिवार-रविवारच्या वर्गांची चलती झाली. पहिल्या दिवशी माती मध्यावर आणतानाच दम निघतो, आणि सुकून भाजलेल्या भांड्याने दहा-बारा टक्के अंग चोरल्यावर चहाच्या कपाचा कॉफीचा कप झालेला पाहून हसू येतं. जुने पॉटर यावर नाकं मुरडतात : कच्ची भांडी बाजारात येतात, भाव पडतात. पण खासगीत तेच सांगतात की स्टुडिओचं भाडं वर्गांच्या शुल्कावर निघतं. शिवाय ज्याने स्वतः एकदा कप घडवायचा प्रयत्न केला, तो दुसऱ्याच्या कपाच्या किमतीवर घासाघीस करत नाही.

हौशी कामात खरी काळजी दोन गोष्टींची. सुक्या मातीची आणि ग्लेझची धूळ सिलिकामुळे फुप्फुसाला घातक असते, म्हणून स्टुडिओत झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसतात. दुसरी, कच्चं राहिलेलं ग्लेझ. आपल्या स्वयंपाकात चिंच, आमसूल, लिंबू, लोणचं असतंच. ग्लेझ नीट जमलं नसेल किंवा त्यात शिसं असेल, तर आंबटामुळे ते अन्नात उतरू शकतं. भांड्यात रात्रभर लिंबाची फोड ठेवायची आणि सकाळी तिथला रंग फिका पडला का पाहायचं, ही पॉटरांची घरगुती कसोटी. रंग उडाला तर ते भांडं फुलांसाठी. मात्र रंग टिकला म्हणजे शिसं नाही, असं होत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते.

संग्राहकाचं कपाट

ब्रिटनमध्ये स्टुडिओ पॉटरीचा दुय्यम बाजार पक्का आहे. हान्स कोपर यांचं एक भांडं २०१८ मध्ये लंडनच्या लिलावात साडेतीन लाख पौंडांच्या वर गेलं. भारतात लिलावगृहांचा जीव चित्रांत आहे, भांडी क्वचित येतात. त्यामुळे इथला संग्राहक पहिल्या हाताने, म्हणजे थेट स्टुडिओतून किंवा प्रदर्शनातून घेतो आणि पुन्हा विकण्याचा विचार सहसा करत नाही. किमतीच्या दृष्टीने हे दुबळेपण आहे. भांडं वापरात राहतं, हा त्याचा फायदा.

संग्रहालयांतही असमतोल आहे. दिल्लीच्या संस्कृती केंद्रातलं १९९० पासूनचं टेराकोटा संग्रहालय परंपरागत कामासाठी उत्तम आहे. स्टीफन हायलर आणि जेन पेरीमन यांची पुस्तकंही त्याच बाजूची. स्टुडिओ कामाची नोंद प्रदर्शनांच्या माहितीपुस्तिकांत विखुरलेली आहे. ब्रिटिश पॉटरांच्या शिक्क्यांचा कोश १९९९ मध्येच निघाला. आपल्याकडे जुन्या भांड्याच्या बुडावरचं अक्षर वाचायला अजून कुणातरी वयस्क पॉटरला फोन करावा लागतो.

कोश झाला तरी कार्यशाळेच्या शिक्क्याचा प्रश्न सुटणार नाही. ताटाचा घाट एकाने ठरवला, चाकावर दुसऱ्याने उतरवलं, ग्लेझ तिसऱ्याने लावलं आणि शिक्का कार्यशाळेचा, असं असेल तर यादीत नाव कुणाचं? काही संग्राहक फक्त शिक्का लिहून मोकळे होतात. काही जण खरेदीच्या वेळीच चाकावर कोण होतं, कुठली माती, कुठली भट्टी, कुठलं साल हे विचारून चिठ्ठी भांड्यात ठेवतात. कारखान्याच्या बुडाशी कामगाराचं नाव कधी नव्हतं, मग इथे कशाला, असं पहिल्यांचं म्हणणं. नावासाठीच तर एवढी किंमत मोजतो, असं दुसऱ्यांचं.